सशाच्या डोळ्याचा तक्ता : एक फेरतपासणी

औषधशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत सशाच्या डोळ्याचा एक प्रयोग अनेक पिढ्यांनी केला आहे. सशाच्या एका डोळ्यात औषधाचे थेंब टाकायचे आणि दुसऱ्यात मिठाचे सौम्य पाणी. ठरावीक वेळाने पट्टीने बाहुलीचा व्यास मोजायचा, विजेरीचा झोत टाकून बाहुली आकसते का ते पाहायचे, कापसाचा धागा पारपटलाला हळूच लावून ससा पापणी मिटतो का हे नोंदवायचे. या निरीक्षणांचा तक्ता प्रात्यक्षिकाच्या पुस्तकात आधीच छापलेला असे. ॲट्रोपिनने बाहुली मोठी, प्रकाशाला प्रतिसाद नाही. फायसोस्टिग्मिनने बाहुली लहान. इफेड्रिनने बाहुली मोठी, प्रकाशाला प्रतिसाद शाबूत. आणि ॲड्रेनलिनसमोरही बहुतेक वेळा एकच शब्द असे : मोठी.

प्राण्यांवरील प्रात्यक्षिके आता आपल्याकडे बरीचशी थांबली आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्रातील विच्छेदने टप्प्याटप्प्याने कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे २०११ मध्ये दिली. वैद्यक व औषधनिर्माणशास्त्राच्या वर्गांतही प्राण्यांच्या जागी संगणक आला. हे योग्यच झाले. ससा गेला, पण तक्ता मात्र राहिला. तो पुस्तकांत आहे, प्रश्नपेढ्यांत आहे, संगणकाच्या पडद्यावर आहे. ‘भीती वाटली की ॲड्रेनलिन स्रवते आणि बाहुल्या मोठ्या होतात’ या सोप्या वाक्याच्या रूपाने तो शाळेपर्यंतही येऊन पोहोचतो. म्हणून या तक्त्याची फेरतपासणी करावी, असे आम्हाला वाटते.

आमच्या तक्रारीचे मूळ एका जुन्या प्रसंगात आहे. विद्यार्थी असताना आम्ही सशाच्या डोळ्यात ॲड्रेनलिनचे थेंब टाकले. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील रक्तवाहिन्या आकसून तो भाग फिकट झाला. बाहुली मात्र होती तेवढीच राहिली. दोनदा, तीनदा मोजली, तरी तेवढीच. आम्ही जर्नलमध्ये ‘बदल नाही’ असे लिहिले. ते खोडून ‘किंचित वाढ’ असे लिहायला सांगण्यात आले, आणि आम्ही तसे लिहिलेही. गुण मिळाले. आमचे मूळ निरीक्षण बरोबर होते हे पुढे काही वर्षांनी वाचनात आले. इतकेच नव्हे, तर शंभर वर्षांपूर्वी एका बापलेकीने तेच निरीक्षण शोधनिबंधात छापले होते.

एक बाहुली, दोन स्नायू

बाहुली म्हणजे बुबुळाच्या मध्यावरचे छिद्र. त्याचा आकार दोन स्नायू ठरवतात. छिद्राच्या कडेने वर्तुळाकार स्नायू असतो. तो आकसला की बाहुली लहान होते. चाकाच्या आऱ्यांसारखा पसरलेला दुसरा, अरीय स्नायू आकसला की बाहुली मोठी होते. वर्तुळाकार स्नायूला परानुकंपी चेतातंतू ॲसिटिलकोलीनमार्फत आज्ञा देतात. अरीय स्नायूला अनुकंपी चेतातंतू नॉरॲड्रेनलिनमार्फत आज्ञा देतात. हे अनुकंपी तंतू छातीच्या वरच्या भागातील मज्जारज्जूतून निघतात, मानेतून वर चढतात, जबड्याच्या कोनाजवळच्या चेतागुच्छिकेत थांबा घेतात आणि तेथून डोळ्याकडे जातात.

म्हणजे बाहुली हा रस्सीखेचीचा निकाल आहे. दोर एका बाजूला सरकला, एवढेच पाहून एका संघाने जोर लावला की दुसऱ्याने ढील दिली, हे सांगता येत नाही. बाहुलीचेही तसेच आहे. ‘मोठी’ या एका शब्दामागे निदान चार वेगवेगळी कारणे असू शकतात : अरीय स्नायूवर औषधाची थेट क्रिया, चेतातंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रेनलिन बाहेर पडणे, वर्तुळाकार स्नायूवरचा ॲसिटिलकोलीनचा परिणाम अडणे, आणि मेंदूतून येणारी परानुकंपी आज्ञाच मंदावणे. तक्ता या चारही कारणांना एकाच रकान्यात कोंबतो.

तक्त्याची एक बाजू मात्र मान्य केली पाहिजे. प्रकाशाच्या प्रतिसादाचा रकाना हा त्यातला खरा शास्त्रीय भाग आहे. ॲट्रोपिन आणि इफेड्रिन दोन्ही बाहुली मोठी करतात. पण ॲट्रोपिनने वर्तुळाकार स्नायूच बधिर होतो, त्यामुळे झोत टाकूनही बाहुली आकसत नाही. इफेड्रिनचा परिणाम दुसऱ्या स्नायूवर होतो, म्हणून प्रकाशाला प्रतिसाद टिकतो. दिसायला सारख्या असलेल्या दोन निकालांमधला भेद एका साध्या विजेरीने उघड होतो. ज्याने कोणी हा रकाना प्रथम जोडला त्याला विज्ञान कळत होते. आमची तक्रार एवढीच, की ही विचारपद्धती तेथेच थांबली.

ॲड्रेनलिनचे कोडे

अधिवृक्क ग्रंथीचा अर्क शिरेत टोचला तर मांजराची बाहुली मोठी होते, हे लेवांडोव्स्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवले. डोळ्याचे अनुकंपी तंतू नष्ट झाल्यावरही हा परिणाम टिकतो, म्हणजे अर्काची क्रिया थेट स्नायूवर होत असावी, असे त्यातून दिसले. केंब्रिजच्या लँगली यांनी १९०१ मध्ये असे अर्क अनेक अवयवांवर तपासले, तेव्हा अर्काचा परिणाम आणि अनुकंपी चेता उद्दीपित केल्याचा परिणाम यांत विलक्षण साम्य आढळले. त्यांचे विद्यार्थी एलियट यांनी १९०४ मध्ये पुढचे पाऊल टाकले : चेतातंतूंच्या टोकाशी ॲड्रेनलिनसारखे रसायनच सुटत असेल काय? चेता रसायनांमार्फत बोलतात या आजच्या सर्वमान्य कल्पनेची ती एक सुरुवात होती.

त्याच वर्षी, १९०४ मध्ये, सॅम्युएल मेल्टझर आणि त्यांची कन्या क्लारा मेल्टझर ऑअर यांनी अमेरिकेत सशांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. निरोगी सशाच्या डोळ्यात ॲड्रेनलिनचे थेंब टाकले किंवा ते त्वचेखाली टोचले, तरी बाहुलीत बदल होत नव्हता. मग त्यांनी मानेतील वरची चेतागुच्छिका काढून टाकली. काही काळ गेल्यावर त्याच बाजूच्या डोळ्यात तेच थेंब टाकले, तर बाहुली चांगली मोठी झाली आणि बराच वेळ तशी राहिली. त्यांनी त्याला ‘विरोधाभासी विस्तार’ म्हटले. बाहुली मोठी करणारी चेताच काढून टाकली असताना बाहुली अधिक जोराने मोठी व्हावी, हा विरोधाभासच नव्हे काय? आणखी एक गंमत म्हणजे, गुच्छिका तशीच ठेवून तिच्या खालचा तंतू नुसता कापला तर हा परिणाम दिसत नव्हता.

याचे उत्तर मिळायला अर्धे शतक जावे लागले. १९६१ मध्ये ज्युलियस ॲक्सेलरॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजराच्या एका बाजूची हीच गुच्छिका काढली आणि नंतर किरणोत्सारी नॉरॲड्रेनलिन टोचले. निरोगी बाजूच्या लाळग्रंथीसारख्या ऊतींनी ते साठवून घेतले. चेता नसलेल्या बाजूच्या ऊतींना ते जमले नाही. म्हणजे अनुकंपी तंतूंची टोके नॉरॲड्रेनलिन सोडतात आणि सुटलेले परत शोषूनही घेतात. ॲक्सेलरॉड यांना १९७० चे नोबेल पारितोषिक कात्झ व फॉन ऑयलर यांच्यासमवेत मिळाले, त्यात या शोधाचा मोठा वाटा होता.

आता सशाचे कोडे सुटते. ॲड्रेनलिन मुळात पारपटलातून फारसे आत शिरत नाही. जे थोडे शिरते ते निरोगी डोळ्यातील चेताटोके शोषून घेतात, त्यामुळे स्नायूपर्यंत पुरेसे पोहोचत नाही. गुच्छिका काढली की टोके मरतात आणि शोषणारे कोणी उरत नाही. शिवाय चेतेपासून तुटलेला स्नायूही अधिक संवेदनशील बनतो. गुच्छिकेच्या खाली तंतू कापला तर बुबुळातील टोके जिवंतच असतात, म्हणून तो परिणाम दिसत नाही.

इफेड्रिनची गोष्ट उलटी आहे. ते मुख्यतः चेताटोकांत साठलेले नॉरॲड्रेनलिन बाहेर काढून काम करते. टोकेच नसतील तर त्याचा परिणाम फारच कमी होतो. म्हणजे निरोगी डोळ्यात इफेड्रिन प्रभावी आणि ॲड्रेनलिन निष्प्रभ. चेता गमावलेल्या डोळ्यात ॲड्रेनलिन प्रभावी आणि इफेड्रिन निष्प्रभ. या एका जोडीत चेता-रसायनांचा अर्धा धडा सामावलेला आहे. तक्त्यात मात्र दोघांपुढे एकच शब्द आहे, आणि त्यांतला एक निरोगी सशाच्या बाबतीत चुकीचा आहे.

मेंदूतून होणारी क्रिया

१९४८ मध्ये अल्क्विस्ट यांनी अशा औषधांची क्रिया दोन प्रकारच्या ग्राहींवर होते असे मांडले आणि त्यांना अल्फा व बीटा ही नावे दिली. बुबुळाचा अरीय स्नायू त्यांनी अल्फा गटात टाकला. पुढे अल्फाचेही दोन प्रकार ठरले. अल्फा-१ ग्राही अरीय स्नायूवर असतात. फिनाइलएफ्रिन हे औषध थेट त्यांच्यावर काम करते, म्हणून निरोगी डोळ्याचीही बाहुली मोठी करते. नेत्रतपासणीपूर्वी आपल्या डोळ्यात जे थेंब टाकतात त्यांत ते पुष्कळदा असते. त्यानंतर जवळचे अक्षर धूसर दिसते ते मात्र त्याच्यामुळे नव्हे. थेंबांत सोबत असलेले ट्रॉपिकामाइड ॲट्रोपिनच्या जातीचे असते. ते भिंगाचा आकार बदलणाऱ्या स्नायूला शिथिल करते, म्हणून वाचता येत नाही.

अल्फा-२ ग्राहींनी तक्त्याची खरी पंचाईत केली. रक्तदाबासाठी वापरले जाणारे क्लोनिडिन हे अल्फा-२ वर काम करणारे औषध मांजराला किंवा उंदराला टोचले, तर बाहुली मोठी होते. तक्त्याच्या सवयीने आपण म्हणू, अनुकंपी चेता उद्दीपित झाली. पण मांजराची अनुकंपी चेता कापून पाहिले तरी बाहुली मोठी होतेच. क्लोनिडिन मेंदूत काम करते आणि वर्तुळाकार स्नायूला जाणारी परानुकंपी आज्ञा मंदावते, असे १९८० च्या दशकातील प्रयोगांतून स्पष्ट झाले. रस्सीखेचीत एका संघाने जोर लावला नव्हता, दुसऱ्याने दोर सैल सोडला होता.

त्याहून लक्षणीय गोष्ट अशी, की हेच क्लोनिडिन माणसाची बाहुली लहान करते. माणसात अनुकंपी आज्ञा कमी होण्याचा परिणाम वरचढ ठरतो. औषध तेच, ग्राहीही तेच, निकाल मात्र नेमका उलटा. मांजर, उंदीर हे निशाचर आणि माणूस दिनचर, या भेदाशी याचा संबंध जोडला गेला आहे.

भीतीचे वाक्यही येथे तपासायला हवे. घाबरलेल्या प्राण्याची बाहुली क्षणात मोठी होते. ग्रंथीतून सुटलेले ॲड्रेनलिन रक्तातून डोळ्यापर्यंत पोहोचायला त्याहून अधिक वेळ लागतो. पहिले काम चेतांचे असते. शिवाय अनुकंपी चेता कापलेल्या मांजरातही वेदनेच्या उद्दीपनाने बाहुली मोठी होते, हे १९३० च्या दशकातच दिसले होते. तेथेही परानुकंपी आज्ञा मंदावते. म्हणून वाक्य असे हवे : भीतीने बाहुली मोठी होते, मुख्यतः चेतांमुळे, ॲड्रेनलिन हे तिचे एकमेव वा पहिले कारण नव्हे.

कोणता प्राणी?

तक्त्यात प्राण्याचे नाव शीर्षकात येते आणि तेथेच विसरले जाते. प्रयोगशाळेतील ससा बहुधा पांढरा, लाल डोळ्यांचा असतो. त्याच्या बुबुळात रंगद्रव्य नसते. अनेक औषधे या रंगद्रव्याला चिकटून राहतात, त्यामुळे गडद डोळ्यांत परिणाम उशिरा किंवा कमी दिसतो. इफेड्रिन व कोकेन यांचा परिणाम गडद डोळ्यांच्या माणसांत कमी होतो, हे चेन आणि पॉथ यांनी १९२९ मध्येच दाखवले होते. आपल्या वर्गातील बहुतेकांचे डोळे गडद तपकिरी आहेत. पांढऱ्या सशाच्या बुबुळावरचे आकडे त्यांना जसेच्या तसे कसे लागू पडतील?

पक्ष्यांच्या बुबुळात तर हातापायांत असतात तसे पट्टेदार स्नायू असतात, त्यामुळे सस्तन प्राण्यांची औषधे त्यांच्यावर तशी चालतच नाहीत. बेडकाचा डोळा शरीराबाहेर काढून द्रावणात ठेवला तरी ॲड्रेनलिनच्या अल्प मात्रेने त्याची बाहुली मोठी होते. १९०५ मध्ये एरमान यांनी ॲड्रेनलिन मोजण्यासाठीच त्याचा उपयोग केला. निरोगी सशात न दिसणारा परिणाम बेडकाच्या सुट्या डोळ्यात सहज दिसतो. ‘प्राण्यांत ॲड्रेनलिनने बाहुली मोठी होते’ या वाक्यात कोणता प्राणी आणि औषध कोणत्या मार्गाने दिले हे सांगितले नाही, तर वाक्याला फारसा अर्थ उरत नाही.

हा पंडिती वाद नव्हे

एवढा काथ्याकूट कशासाठी, असे कोणी म्हणेल. दोन उदाहरणे देतो.

उंदरांना गुंगी आणण्यासाठी झायलाझिन सर्रास वापरतात. तेही अल्फा-२ वर काम करते आणि उंदराची बाहुली मोठी करते. त्या गुंगीत दुसऱ्या एखाद्या औषधाचा बाहुलीवरील परिणाम मोजणारा संशोधक पुष्कळदा गुंगीच्या औषधाचाच परिणाम मोजत असतो. प्राण्याचा जीव जातो आणि आकडाही फुकट जातो.

दुसरे उदाहरण घराघरांतले आहे. वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीमुळे लघवीचा त्रास होणाऱ्या वृद्धांना टॅमसुलोसिन देतात. ते अल्फा-१ ग्राही अडवते. २००५ मध्ये चँग आणि कॅम्पबेल या अमेरिकी नेत्रशल्यविशारदांनी कळवले, की हे औषध घेणाऱ्या रुग्णांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन चालू असताना बुबुळ लुळे पडून फडफडते आणि मोठी केलेली बाहुली मध्येच लहान होते. औषध काही दिवस आधी थांबवूनही धोका नेहमी टळत नाही. अरीय स्नायूवर अल्फा-१ ग्राही असतात हे कितीतरी आधीपासून ठाऊक होते. पण ‘प्रोस्टेटचे औषध’ आणि ‘डोळ्याचे औषध’ ही वेगळ्या तक्त्यांत होती. बुबुळाला आपले तक्ते ठाऊक नसतात. आज शल्यविशारदाला आधी कळले तर तो तयारीत राहतो. ऑपरेशनच्या वेळी डोळ्याच्या आत फिनाइलएफ्रिन देणे हा त्यांतला एक उपाय. म्हणून घरातील आजोबांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले, की प्रोस्टेटच्या गोळ्या चालू आहेत किंवा पूर्वी घेतल्या होत्या, हे डॉक्टरांना अवश्य सांगावे.

मग शिकवायचे काय?

सशाला परत आणा, असे आम्ही म्हणत नाही. आमची टीका सशाच्या जागी आलेल्या पडद्यावर आहे. आमच्या पाहण्यात आलेल्या काही आभासी प्रयोगांत थेंबाचे चित्र दाबले की बाहुली ठरलेल्या मिलिमीटरने मोठी होते, प्रत्येक वेळी तेवढीच. खरा ससा निदान तक्त्याशी असहमत होऊ शकत होता. पडद्यावरचा ससा तक्त्याचाच बनलेला आहे.

त्याच पडद्यावर याहून चांगले काम होऊ शकते. औषधाचे नाव लपवावे. डोळा निरोगी आहे, गुच्छिका काढलेला आहे की खालचा तंतू कापलेला आहे, हेही लपवावे. विद्यार्थ्याने ॲड्रेनलिन, इफेड्रिन, विजेरी यांपैकी काय वापरायचे ते स्वतः ठरवावे आणि बिघाड कोठे आहे ते शोधावे. मेल्टझर बापलेकीचे निकाल फळ्यावर लिहूनही हा तास घेता येईल. संगणक लागणारच असे नाही.

शाळेत तर याहून सोपे आहे. वर्गातील उजेड कमी करून मुलांना जोडीजोडीने बसवावे. एका डोळ्यावर विजेरीचा मंद झोत टाकला की दुसऱ्याही डोळ्याची बाहुली आकसते का? दूरच्या फळ्यावरून नजर जवळच्या बोटावर आणली तर काय होते? पट्टी धरून मोजावे, तीनदा मोजावे, जुळत नाहीत ते आकडेही वहीत ठेवावेत. डोळ्यात कोणतेही औषध टाकू नये, आणि तीव्र प्रकाश, लेसर किंवा सूर्य यांच्याशी खेळू नये, एवढे पथ्य पाळावे.

तक्त्यात आम्ही तीन रकाने वाढवू इच्छितो : कोणता प्राणी, कोणत्या मार्गाने, आणि क्रिया नेमकी कोठे. तिसरा रकाना पुष्कळदा रिकामा राहील. राहू द्यावा. आणि एखाद्या विद्यार्थ्याने ‘बदल नाही’ असे लिहून आणले, तर लाल शाईचे पेन उचलण्यापूर्वी शिक्षकांनी त्याला एवढेच विचारावे : कितीदा मोजलेस?